नवाहो कथांवरची फँटसी मुलांसोबत वाचायचीये? मग अशी वाचा, स्टेप बाय स्टेप

हल्ली नऊ ते तेरा वयाच्या मुलांसाठी इंग्रजीत अशी पुस्तकं बऱ्यापैकी दिसायला लागलीत ज्यात हिरो किंवा हिरॉइन अमेरिकेतल्या नवाहो समाजातली असते. सुट्टीत आजीकडे जाते, तिथे तिला इतरांना न दिसणारे राक्षस दिसायला लागतात, स्पायडर वुमन नावाची त्यांच्या कथांतली देवता वाट दाखवते आणि मग सूर्याच्या घरापर्यंत जाऊन शस्त्रं आणायची असतात. मुलं अशी पुस्तकं दोन दिवसांत फस्त करतात आणि पुढच्याकडे वळतात. काही बिघडत नाही, पण त्यात खरी मजा हातची जाते असं मला मनापासून वाटतं, कारण या गोष्टीतले डोंगर खरे आहेत, राक्षसाचं रक्त सांडलं ती जागा आजही नकाशावर आहे आणि ज्या समाजाच्या या गोष्टी आहेत त्यातली चार लाखांच्या आसपास माणसं आज जगतायत, मोबाईल वापरतायत, शाळेत जातायत. ग्रीक देवांच्या गोष्टी वाचतो तसं हे वाचून चालत नाही, हा कुणाचातरी आजचा जिवंत धर्म आहे. तेव्हा आईबाबा, मावशी, शाळेतल्या बाई, वाचनगट चालवणारे, ज्यांना मुलांसोबत असं पुस्तक नीट वाचायचंय त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय.

स्टेप १: पुस्तक निवडताना आधी मागचं पान बघा

कव्हरवर पिसं, लांडगा आणि चंद्र असला की पुस्तक नवाहोंचं होत नाही. लेखकाची ओळख वाचा. नवाहो लेखक बहुतेक वेळा आपलं कूळ सांगतात, म्हणजे आईचं कूळ कुठलं, वडिलांचं कुठलं. ही त्यांच्यात ओळख करून द्यायची रीतसर पद्धत असते, त्यावर पुढे येतेच. मग शेवटी लेखकाची टीप आहे का, शब्दार्थ दिलेत का, कुठला भाग कल्पनेतला आणि कुठला परंपरेतला हे सांगितलंय का ते बघा.

लेखक त्या समाजाचा असण्याला एवढं महत्त्व का? २०१८ मध्ये काही डिने, म्हणजे नवाहो, लेखकांनी मिळून एक जाहीर पत्र लिहिलं होतं. निमित्त होतं मोठ्यांसाठीच्या एका गाजलेल्या फँटसी कादंबरीचं, लेखिका त्या समाजातली नव्हती, आणि तक्रार अशी होती की आमची पवित्र पात्रं, आमचे विधी बाहेरच्या माणसानं मनोरंजनासाठी हवे तसे वापरलेत. काही वाचकांना ते पत्र फार कडक वाटलं, मला ते पटतं. याचा अर्थ बाहेरच्यानं लिहिलेलं हातातच घ्यायचं नाही असं मी म्हणत नाहीये, पण मुलांसाठी पहिलंच पुस्तक निवडताय तर त्याच समाजातल्या लेखकाचं घ्या, फरक कळतो. आजीचं बोलणं खरं वाटतं, जेवणाचे पदार्थ खरे वाटतात, मेंढ्या हाकलायचा कंटाळासुद्धा खरा वाटतो.

शोधायचं कुठे तर अमेरिकन इंडियन लायब्ररी असोसिएशन दर दोन वर्षांनी मूळनिवासी लेखकांच्या बालसाहित्याला पुरस्कार देते, २००६ पासून, त्यांच्या याद्या नेटवर मिळतात. आणि ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफचं सलीना बुकशेल्फ हे प्रकाशन नवाहो-इंग्रजी अशी दोन्ही भाषांतली पुस्तकं काढतं, लहान मुलांसाठी तिथून सुरुवात करता येते.

स्टेप २: मुलांच्या हातात द्यायच्या आधी तुम्ही एवढं माहीत करून घ्या

नवाहो हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, ते स्वतःला डिने म्हणतात. दोन्ही नावं चालतात, त्यांच्या सरकारचं अधिकृत नाव नवाहो नेशनच आहे. "रेड इंडियन" मात्र आपल्या जुन्या अनुवादित पुस्तकांतून डोक्यात बसलेलं आहे ते काढून टाका, मुलांसमोर तर अजिबात नको.

नवाहो नेशन ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत पसरलंय, साधारण ७१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याला थोडं कमी. राजधानी विंडो रॉक. स्वतःचा अध्यक्ष, स्वतःची काउन्सिल, स्वतःचे पोलीस, स्वतःची कोर्टं. मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात, कारण सिनेमांत हे लोक कायम शंभर वर्षांपूर्वीचे दाखवलेले असतात.

स्टेप ३: नकाशा भिंतीवर लावा, ही स्टेप टाळूच नका

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मोठ्या कागदावर अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा नकाशा काढा किंवा प्रिंट करा आणि मुलांना चार डोंगर शोधायला लावा. डिने लोकांची भूमी, डिनेटा, या चार पवित्र डोंगरांच्या मधली.

पूर्वेला ब्लँका पीक, कोलोरॅडोमध्ये, ४,३०० मीटरच्या वर, रंग पांढरा, पांढऱ्या शिंपल्याचा, पहाटेचा. दक्षिणेला माउंट टेलर, न्यू मेक्सिकोत, रंग निळा, फिरोजा खड्याचा, दुपारच्या आकाशाचा. पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स, ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळ, रंग पिवळा, अबलोनी नावाच्या शिंपल्याचा, संध्याकाळचा. उत्तरेला माउंट हेस्पेरस, पुन्हा कोलोरॅडोत, रंग काळा, जेट नावाच्या काळ्या दगडाचा, रात्रीचा. मुलांना त्या त्या रंगाचे कागद चिकटवू द्या. मग पुस्तकात कुठेही पांढरा-निळा-पिवळा-काळा असा क्रम आला की ती स्वतःच ओरडतात, अरे ही तर प्रदक्षिणा आहे, पूर्वेकडून दक्षिणेला! आणि चार हा आकडा तर जिकडे तिकडे भेटतो, चार दिशा, चार डोंगर, चार संकटं, चार दिवसांचे विधी, चौथ्यांदा विचारल्यावर मिळणारं उत्तर. घराचं दारसुद्धा ठरलेलं, होगन म्हणजे त्यांचं पारंपरिक घर, त्याचं दार पूर्वेलाच.

मग यात अजून तीन टाचण्या टोचा. पहिली कॅन्यन डी शे, ॲरिझोनात. तिथे दरीतून सरळ वर आलेला ७५० ते ८०० फुटांचा वालुकाश्माचा सुळका आहे, स्पायडर रॉक, तेच स्पायडर वुमनचं घर. तिनंच डिने बायकांना विणायला शिकवलं. तिथली मुलं आजी-आजोबांकडून ऐकतात की न ऐकणाऱ्या पोरांना ती वर घेऊन जाते आणि सुळक्याच्या टोकावर पांढरं दिसतं ती त्या पोरांची हाडं. एवढं सांगून सुळक्याचा फोटो दाखवा आणि मुलांचे चेहरे बघा.

दुसरी टाचणी शिपरॉक, न्यू मेक्सिकोत, सपाट मैदानात एकटाच उभा असलेला ज्वालामुखीचा जुना गाभा, जवळपास ४८० मीटर उंच. डिने भाषेत त्याच्या नावाचा अर्थ पंख असलेला खडक असा, आणि माणसं खाणाऱ्या महाकाय पक्ष्यांचं घरटं तिथेच होतं. तिसरी टाचणी माउंट टेलरच्या पायथ्याशी, ग्रँट्स गावाजवळ, जिथे काळ्या लाव्हाचा मैलोनमैल थर पसरलाय. तो काय आहे हे आत्ता मुलांना सांगू नका, स्टेप ५ पर्यंत दम धरा.

स्टेप ४: कधी वाचायचं तेही ठरवा

डिने परंपरेत कायोटीच्या, म्हणजे तिथल्या कोल्ह्याच्या, आणि बऱ्याचशा उत्पत्तीच्या गोष्टी फक्त थंडीत सांगतात. पहिलं हिव पडल्यापासून ते वसंतातला पहिला गडगडाट ऐकू येईपर्यंत. साप, अस्वलं, किडेमुंग्या झोपलेले असतात तेव्हाच. आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्या जशा श्रावणातच वाचायच्या, "उतू नये मातू नये" म्हणून ठरल्या वारी ठरली कहाणी, तसंच हे, त्यामुळे मराठी घरात मुलांना ही गोष्ट समजवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

छापलेली कादंबरी उन्हाळ्यात वाचली तर काही पाप नाही, लेखकांनीही ती वर्षभर विकायलाच ठेवलेली असते. पण जमत असेल तर दिवाळीनंतर सुरू करा आणि संक्रांतीच्या पुढे संपवा. रात्री लवकर पडते, पांघरुणात बसून मोठ्यानं वाचता येतं, आणि मुलांना आपण त्या समाजाचा नियम पाळतोय याचं फार अप्रूप वाटतं. निदान मूळ गोष्टी, ज्या पुढच्या स्टेपमध्ये आहेत, त्या तरी थंडीतच सांगा.

स्टेप ५: मूळ गोष्ट आधी तोंडी सांगा

या प्रकारच्या बहुतेक फँटसींचा सांगाडा एकाच कथेवर उभा असतो, ती जुळ्या वीरांची. ती मुलांना माहीत असेल तर पुस्तकातली प्रत्येक खूण त्यांना ओळखता येते. तपशील घराघरांत, विधीतल्या गाणाऱ्यागणिक वेगळे असतात, त्यामुळे "हेच खरं" असं न म्हणता "एक गोष्ट अशी सांगतात" म्हणून सुरू करा. थोडक्यात अशी.

आपण आत्ता राहतो ते जग पहिलं नाही. माणसांचे पूर्वज खालच्या एकेका जगातून भांडत, चुकत, हाकलले जात वर आले. वर आल्यावर पृथ्वीवर राक्षस माजले होते, आणि ते कुठून बाहेरून आलेले नव्हते, खालच्या जगात बायका आणि पुरुष भांडून वेगळे राहिले त्या काळातल्या चुकीच्या वागण्यातून जन्मलेले होते. (हा भाग मोठ्यांसाठीच्या आवृत्तीत बराच उघड आहे, मुलांना एवढंच पुरे.) सगळं संपायला आलेलं असताना डोंगरावर एक तान्ही मुलगी सापडली. ती मोठी झाली, तीच चेंजिंग वुमन, ऋतूंसारखी म्हातारी होते आणि पुन्हा तरुण होते. डिने लोकांना सगळ्यात जवळची, सगळ्यात प्रेमळ देवता हीच.

तिला सूर्यापासून जुळे मुलगे झाले. इंग्रजी पुस्तकांत मॉन्स्टर स्लेअर आणि बॉर्न फॉर वॉटर ही नावं दिसतील, डिने भाषेत नायेनेझगानी आणि टोबाजिश्चिनी. (काही आवृत्त्यांत दुसऱ्याची आई आणि वडील वेगळे आहेत, मुलांनी विचारलं तर सांगा.) पोरं आईला विचारत राहिली, आमचे बाबा कोण? तिनं सांगितलं नाही, कारण वाट जीवघेणी होती. एक दिवस पोरं निघालीच. वाटेत जमिनीतल्या एका भोकातून धूर येताना दिसला, आत डोकावले तर खाली जाणारी शिडी, आणि खाली स्पायडर वुमन. तिनं त्यांना पुढची चार संकटं सांगितली: माणूस मध्ये शिरला की चिरडणारे खडक, सुऱ्यांसारखे कापणारे बोरू, फाडून काढणारे निवडुंग आणि उकळती वाळू. जपायला जिवंत पक्ष्याचं पीस दिलं आणि म्हणायला एक मंत्र दिला. इथे मुलांना थांबवून विचारा, तलवार का नाही दिली? पुस्तकात पुढे याचं उत्तर बहुधा येतंच, कारण या परंपरेत बरोबर वेळी बरोबर शब्द म्हणणं यात मोठी ताकद आहे.

सूर्याच्या घरी पोचल्यावर बाप काही मिठी मारत नाही. तो परीक्षा घेतो. टोकदार सुळ्यांवर फेकतो, तापलेल्या खोलीत कोंडतो, विषारी तंबाखू ओढायला देतो. प्रत्येक वेळी कुणीतरी छोटासा मदतीला येतो, एखादी अळी, किंवा कानाशी बसून कुजबुजणारा वारा. हा कानातला वारा लक्षात ठेवा, नव्या कादंबऱ्यांत हिरोला अचानक "आतून" काहीतरी सुचतं तिथे बरेचदा तोच असतो. शेवटी सूर्य मानतो आणि विजेचे बाण देतो.

पहिला राक्षस येइत्सो. माउंट टेलरजवळच्या तळ्यावर पाणी प्यायला यायचा. गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही फार जड गोष्ट आहे ही, काही आवृत्त्यांत तोही सूर्याचाच मुलगा आहे, म्हणजे जुळ्यांचा सावत्र भाऊ, आणि म्हणून पहिला बाण सूर्य स्वतः सोडतो. राक्षस पडला, रक्ताचे लोट वाहायला लागले, आणि वारा कानात म्हणाला की हे लोट एकमेकांना मिळाले तर तो पुन्हा उठेल, तेव्हा जुळ्यांतल्या थोरल्यानं चाकूनं जमिनीवर रेघ ओढून रक्त अडवलं. ते गोठलं. आता उठा आणि भिंतीवरच्या नकाशातली तिसरी टाचणी दाखवा, ग्रँट्सजवळचा तो काळा लाव्हा म्हणजे येइत्सोचं रक्त. एवढ्यासाठीच दम धरायला सांगितलं होतं.

शिपरॉकवर महाकाय पक्षी मारल्यावर त्यांची पिल्लं उरली. ती मारली नाहीत, एकाला गरुड केलं, एकाला घुबड, माणसांच्या उपयोगी पडा म्हणून सांगितलं.

आणि मग माझा सगळ्यात आवडता भाग. मॉन्स्टर स्लेअर उरलेल्यांना मारायला निघतो तेव्हा त्याला म्हातारपण भेटतं, थंडी भेटते, गरिबी भेटते, भूक भेटते, उवासुद्धा भेटतात. प्रत्येक जण म्हणतो, मार हवं तर, पण ऐकून घे. थंडी म्हणते मी गेले तर झरे आटतील. म्हातारपण म्हणतं मी नसेन तर पोरं मोठी होणारच नाहीत, सगळं जागच्या जागी थांबेल. गरिबी म्हणते जुने कपडे फाटले नाहीत तर नवीन कुणी शिवेल का? भूक म्हणते मी गेले तर जेवणात राम राहणार नाही. आणि तो त्यांना सोडून देतो. पुस्तक सुरू करण्याआधी मुलांना फक्त एवढ्यावर बोलू द्या, तुम्ही कुणाला सोडलं असतं? आमच्या गटात एका मुलीनं परीक्षेला सोडणार नाही म्हणून सांगितलं आणि दुसरीनं परीक्षेची बाजू अशी काही मांडली की सगळे गप्प.

अजून एक, आणि हे पुस्तक वाचताना खूप कामाला येतं. एवढी मारामारी केल्यावर जुळे वीर आजारी पडतात, खंगतात. त्यांच्यावर विधी करावा लागतो तेव्हा ते पुन्हा सावरतात. लढून आलेल्या माणसासाठी एनिमी वे नावाचा विधी डिने लोकांत आजही होतो, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठीही. म्हणून अशा कादंबऱ्यांत राक्षस मेल्यावर तीस-चाळीस पानं शिल्लक असतात आणि मुलं म्हणतात आता काय उरलंय, तर सांगा की खरी गोष्ट आत्ता सुरू झालीये. त्यांच्या विचारात होझो म्हणून मोठी कल्पना आहे, सगळं सुंदर, सुसंगत, तोल साधलेलं असणं, आणि आजारपण म्हणजे तो तोल जाणं. बरं करणारा गाणारा असतो, हाताथ्ली, त्याला शेकडो गाणी क्रमानं पाठ असावी लागतात.

स्टेप ६: नात्यांचे शब्द एका कागदावर लिहून ठेवा

शिमा म्हणजे माझी आई. शिमासानी म्हणजे आईची आई. शिचेइ म्हणजे आईचे वडील. शिनाली म्हणजे वडिलांकडचे आजी किंवा आजोबा. पुस्तकांत पोरं नुसतं "नाली" किंवा "चेइ" म्हणतात आणि आपल्या मुलांना वाटतं ते त्यांचं नाव आहे.

कूळ आईकडून येतं. आपलं गोत्र वडिलांकडून, त्यांचं कूळ आईकडून, आणि एका कुळात लग्न नाही. ओळख करून देताना चार कुळं सांगतात: आईचं, वडिलांचं, आईच्या वडिलांचं आणि वडिलांच्या वडिलांचं. त्यावरून समोरचा अनोळखी माणूस एकदम भाऊ, मावशी, आजोबा होऊ शकतो, आणि कादंबरीत एखादा राक्षसासारखा दिसणारा प्राणीसुद्धा ओळख दिल्यावर मदत का करतो ते इथे कळतं. मुलांना स्वतःची अशी ओळख करायला लावा, आईचं माहेरचं आडनाव-गाव, बाबांचं, दोन्ही आजोबांचं. आईच्या माहेरचं गाव माहीत नसलेली मुलं खूप निघतात, लगेच आजीला फोन जातात.

हिरॉइन बारा-तेरा वर्षांची असेल तर किनाल्डा येण्याची शक्यता आहे. मुलगी वयात आल्यावरचा चार दिवसांचा सोहळा, पहिला चेंजिंग वुमनसाठी झाला असं मानतात. मुलगी पहाटे पूर्वेकडे पळते, जमिनीत खड्डा करून मक्याचा मोठा केक रात्रभर भाजतात, सगळे नातेवाईक जमतात. हे पान घाईघाईत उलटू नका. आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत मुलीला त्या दिवसांत बाजूला बसवतात, तेव्हा कुठेतरी त्याच गोष्टीसाठी अख्खं गोत जमून आनंद करतं हे मुलींनी वाचायला हवं, मुलग्यांनीही.

स्टेप ७: वाचताना येणारे प्रश्न

दिवसाला एक-दोन प्रकरणं, मोठ्यानं, आणि जागेचं नाव आलं की नकाशाकडे बोट. बस.

"सूर्याचा मुलगा म्हणजे कर्ण का?" हा प्रश्न मराठी मुलं विचारतातच. हो म्हणू नका, नाही पण म्हणू नका. दोन्हींत मुलगा बापाला शोधतो का, बाप काय देतो, आई काय लपवते ते त्यांना बोलू द्या. "म्हणजे सगळं आपल्याच पुराणातून गेलं" हे वाक्य मात्र कुणा काकांच्या तोंडून आलं तर तिथेच अडवा. डिने लोकांचा त्यांच्या डोंगरांवर जेवढा हक्क आहे तेवढाच त्यांच्या गोष्टींवर.

स्वस्तिकासारखं चिन्ह जुन्या नवाहो गालिच्यांच्या फोटोंत दिसेल. ते त्यांच्या नाइटवे विधीच्या कथेतलं फिरत्या ओंडक्यांचं चिन्ह. नाझींनी काय केलं ते बघून १९४० मध्ये नवाहो, होपी, अपाची आणि पापागो या चार समाजांनी ते आपल्या वस्तूंवर वापरणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. घराच्या उंबऱ्यावर स्वस्तिक बघत वाढलेल्या मुलांना ही हकिगत फार लागते, बोलायला वेळ ठेवा.

"हे खरं आहे का?" याला माझं उत्तर ठरलेलं आहे, तिथल्या बऱ्याच लोकांसाठी खरं आहे आणि आपण त्यांच्या घरात पाहुणे आहोत.

स्टेप ८: इतिहास, पण वयाप्रमाणे

या कादंबऱ्यांत आजी कधीतरी "लाँग वॉक" म्हणते आणि गप्प होते. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या हाताखालच्या अमेरिकन फौजांनी शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, कॅन्यन डी शेमधली पीचची झाडं तोडली आणि हजारो डिने लोकांना साडेचारशे-पाचशे किलोमीटर पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्की रेडोंडोला नेऊन डांबलं. वाटेत आणि तिथे खूप माणसं मेली. १ जून १८६८ ला करार झाला आणि ते आपल्याच डोंगरांच्या मध्ये परत आले, जे अमेरिकेतल्या फार थोड्या समाजांना जमलं. दहाच्या वरच्या मुलांना हे सरळ सांगा, लहानांना "त्यांना घरातून हाकललं आणि ते परत आले" एवढं पुरतं.

दुसरं महायुद्ध आलं की कोड टॉकर्स येतात. १९४२ मध्ये २९ नवाहो मरीन सैनिकांनी आपल्या भाषेवर आधारलेला कोड तयार केला, पुढे जवळपास चारशे जणांनी तो पॅसिफिकमधल्या लढायांत वापरला आणि जपान्यांना तो फोडता आला नाही. यातली बरीच जणं अशा सरकारी निवासी शाळांत शिकलेली जिथे तीच भाषा बोलली की शिक्षा व्हायची. हे शेवटचं वाक्य मुलांना नक्की सांगा.

आणि युरेनियम. नव्या लेखकांच्या गोष्टींत राक्षस पुष्कळदा पिवळा असतो, पाण्यात लपलेला असतो, माणसांना हळूहळू आजारी पाडतो. १९४४ ते १९८६ मध्ये नवाहो भूमीतून जवळपास ३ कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं, पाचशेवर खाणी तशाच उघड्या टाकून दिल्या. १६ जुलै १९७९ ला न्यू मेक्सिकोत चर्च रॉकला कारखान्याचा बंधारा फुटून किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं, जिथे मेंढ्या पाणी प्यायच्या. आजही तिथल्या कित्येक घरांत नळ नाही, टँकरनं किंवा गाडीवर पिंप घेऊन पाणी आणतात. मराठवाड्यातल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

स्टेप ९: ॲक्टिव्हिटी, काय करायच्या आणि काय नाही

आकाश बघा. डिने परंपरेत सप्तर्षी म्हणजे फिरणारा पुरुष, शर्मिष्ठा म्हणजे फिरणारी स्त्री, आणि मधला ध्रुव म्हणजे त्यांच्या घरातली चूल, दोघं वर्षभर तिच्याभोवती फिरतात, एकमेकांना सोडत नाहीत. महाराष्ट्रातून ध्रुव बराच खाली, क्षितिजापासून साधारण सोळा ते बावीस अंशांवर दिसतो, म्हणून उत्तरेकडे मोकळी जागा हवी. डिसेंबरात संध्याकाळी शर्मिष्ठा दिसते, सप्तर्षींसाठी पहाटे उठावं लागतं. आणि बाकीचे तारे असे विस्कटलेले का? तर ते एकेक नीट मांडणं चाललं होतं, कायोटीला धीर निघेना, त्यानं उरलेले सगळे एका झटक्यात उधळून दिले.

दोऱ्याचे खेळ खेळा, दोन हातांत दोरा अडकवून आकार करायचे ते. डिने मुलंही खेळतात, स्पायडर वुमनकडून आलेले मानतात, फक्त थंडीत. पुठ्ठ्याला खाचा पाडून लोकर ताणा आणि छोटा पट्टा विणा, डिझाइन मुलांचं स्वतःचं.

करू नका असं तीनच गोष्टींबद्दल सांगते. रंगीत वाळूची चित्रं हा त्यांच्या आजार बरा करण्याच्या विधीचा भाग आहे, विधी झाला की चित्र मोडून टाकतात, म्हणून रांगोळीसारखी दिसतात म्हणून अंगणात काढू नका. पिसांचे मुकुट आणि तोंडाला रंग लावून फॅन्सी ड्रेस नको, तो तर नवाहोंचा पोशाखही नाही. आणि रूप बदलणाऱ्या चेटक्यांबद्दलचे व्हिडिओ यूट्यूबवर ढीगभर पडलेत ते मुलांना लावून देऊ नका, डिने लोक या विषयावर बाहेरच्यांशी बोलायचंच टाळतात. पुस्तकात उल्लेख आला तर वाचा आणि पुढे सरका.

स्टेप १०: अमेरिकेत असाल किंवा जाणार असाल तर

फिनिक्स, डॅलस, बे एरियातली मराठी कुटुंबं ग्रँड कॅन्यनला जातातच, तिथून पुढे नवाहो नेशनमध्ये जाता येतं. काही गोष्टी आधी माहीत हव्यात. मॉन्युमेंट व्हॅली हे नवाहोंचं स्वतःचं पार्क आहे, तिथे अमेरिकन नॅशनल पार्कचा पास चालत नाही, वेगळं तिकीट काढायचं. अँटेलोप कॅन्यनमध्ये गाईडशिवाय सोडत नाहीत. कॅन्यन डी शेच्या तळाशी उतरायचं तर नवाहो गाईड घ्या, पण स्पायडर रॉक वरच्या कड्यावरून गाडीनं जाऊनही छान दिसतो. शिपरॉकवर चढायला बंदी आहे, लांबूनच बघायचा. दारू नवाहो नेशनमध्ये जवळपास सगळीकडे बंद, ड्रोन पार्कमध्ये चालत नाही, आणि माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. उन्हाळ्यात घड्याळाचा घोळ होतो कारण नवाहो नेशन घड्याळ एक तास पुढे करतं आणि बाकी ॲरिझोना करत नाही, बुकिंग घेताना कुठली वेळ ते विचारून घ्या.

गालिचा किंवा दागिना घ्यायचा तर विणणाऱ्या, घडवणाऱ्या माणसाकडूनच घ्या आणि नाव विचारा. भेटल्यावर याअत्एह म्हणायला मुलांना शिकवून न्या, नमस्कारच तो. आणि विणणाऱ्या आजींनी तुमच्या मुलीला विचारलं की तू कुठली, तर तिला स्टेप ६ मधली चार घराण्यांची ओळख सांगू द्या.